टॅडपोलची कवटी आणि पाण्याचं तापमान: या कामात नव्याने येणाऱ्यांसाठी

या विषयावर काम करायला येणाऱ्यांना मी पहिल्याच दिवशी सांगतो: टॅडपोलचं (बेडकाच्या पिल्लाचं) वय मोजू नका, स्टेज, म्हणजे विकासाचा टप्पा, बघा. एकाच मादीची अंडी दोन टाक्यांत वाटून एक टाकी 18 अंशांवर आणि दुसरी 26 अंशांवर ठेवली, की उबदार टाकीतली पिल्लं भराभर पुढे निघून जातात. त्याच तारखेला दोन्हीकडची पिल्लं उचलून कवट्या शेजारी ठेवल्या तर फरक दिसणारच. पण तो पहिलीतल्या आणि चौथीतल्या मुलाच्या उंचीतला फरक झाला.

बहुतेक बेडकांसाठी गॉस्नरच्या 46 स्टेज (1960) वापरतात, झेनोपस या आफ्रिकी बेडकासाठी न्यूकूप आणि फाबर यांच्या 66. गॉस्नरच्या 26 ते 40 या स्टेज मागच्या पायांवरून ठरतात, त्यावर नजर बसायला थोडे दिवस जातात. खरी गंमत 42 पासून. पुढचे पाय बाहेर आलेले असतात आणि तोंडाचा कोपरा मागे सरकू लागतो: 42 ला नाकपुडीच्या पुढे, 43 ला नाकपुडी आणि डोळा यांच्या मधे, 44 ला डोळ्याखाली, 45 ला डोळ्याच्याही मागे. बाहेरून दिसतं ते एवढंच. आत वरच्या जबड्याची आडवी असलेली पॅलाटोक्वाड्रेट कूर्चा (कूर्चा म्हणजे हाडापेक्षा मऊ, लवचिक ऊती) उभी वळते, खालच्या जबड्याची आखूड मेकेल कूर्चा लांब होते आणि खरवडून खाणाऱ्या तोंडाचा रुंद जबडा होतो. उबदार पाण्यात हा टप्पा बघता बघता उरकतो, म्हणून तेव्हा दिवसातून दोनदा टाक्या तपासा.

तापमान वाढलं की आकाराची वाढही वेगाने होते आणि विकासही, पण विकासाचा वेग जास्त वाढतो. म्हणून उबदार टाकीतले बेडूक सहसा लवकर बाहेर पडतात, पण लहान चणीचे. लहान डोक्याची प्रमाणं मुळातच वेगळी असतात, त्यामुळे विश्लेषणात आकार धरला नाही तर निष्कर्षाला अर्थ उरत नाही. स्टेज तीच, आकारही हिशेबात घेतलेला, तरीही हाड धरण्याचा (कवटीत हाड तयार होण्याचा) क्रम किंवा प्रमाण वेगळं दिसतंय का, हा खरा प्रश्न. पॅरास्फेनॉइड, फ्रंटोपरायटल आणि एक्सऑक्सिपिटल ही हाडं बहुतेक बेडकांत आधी दिसतात, कवटीची बाकीची बरीचशी रूपांतरणात (टॅडपोलचा बेडूक होताना) किंवा त्यानंतर. तेव्हा नोंद प्रत्येक हाडाची वेगळी ठेवा. 'कवटी उशिरा तयार झाली' या वाक्यातून काहीच कळत नाही.

थायरॉइडबद्दल थोडं वाचून या. रूपांतरणाची किल्ली त्या हार्मोनकडे आहे आणि त्याला मिळणारा प्रतिसाद तापमानावर अवलंबून असतो. बुलफ्रॉगचे टॅडपोल 5 अंशांच्या आसपास ठेवून हार्मोन दिलं तर रूपांतरण पुढे सरकत नाही. मात्र नंतर उबेत आणले की ते सुरू होतं.

आता टाकी. एका टाकीत तीस टॅडपोल म्हणजे तीस नमुने नव्हेत, एकच. प्रत्येक तापमानाला अनेक टाक्या हव्यात, आणि त्यांच्या जागा खोलीत मिसळलेल्या. गरम पाण्यात ऑक्सिजन कमी विरघळतो आणि उरलेलं खाणं लवकर सडतं. त्याकडे दुर्लक्ष केलं तर तुम्ही तापमान मोजताय की घाण पाणी, ते कळणार नाही.

कवटीतली हाडं आणि कूर्चा वेगळी दिसावी म्हणून पिल्लं रंगवण्याचं काम किचकट, पण मला सगळ्यात आवडतं तेच. अल्शियन ब्लूने कूर्चा निळी होते, अलिझरिन रेडने हाड लाल. अल्शियन ब्लूचं द्रावण आम्लयुक्त असतं. पिल्लू त्यात जास्त वेळ राहिलं तर नुकतं धरलेलं कोवळं हाड कॅल्शियम गमावतं आणि मग लाल होतच नाही. पिल्लं टिकवायचं फॉर्मलिनसुद्धा बफर केलेलंच (आम्ल होऊ न देणारं) वापरा. सगळ्या तापमानांची पिल्लं एकाच बॅचमध्ये, तेवढाच वेळ रंगवा. नाहीतर थंड टाकीची एक बॅच आणि गरम टाकीची दुसरी, असं झालं की फरक रंगाचा की तापमानाचा, हे कोणीच सांगू शकणार नाही. शिवाय अलिझरिन कॅल्शियमला धरतं, त्यामुळे लाल ठिपका दिसतो त्याच्या आधीच हाडाची सुरुवात झालेली असू शकते. मायक्रो-सीटीची (बारीक नमुन्यांच्या क्ष-किरण स्कॅनची) वेळ मिळत असेल तर स्कॅन रंगवण्याआधीच करून घ्या, पण त्यात हाडच नीट दिसेल; कूर्चेसाठी वेगळी प्रक्रिया करावी लागते.