वस्तीतल्या पोरांसाठी डर्ट बाईकचा ग्रुप चालू करायचाय? आधी हातात पाना द्या

रात्री हायवेला गाड्या पळवणारी, शाळा आठवी-नववीत सुटलेली, एखादी पोलीस केस अंगावर असलेली पोरं, अशा पोरांना आम्ही काही जण नाशिकच्या बाहेर एका माळावर दर रविवारी डर्ट बाईक, म्हणजे कच्च्या रानात चालवायची मोटारसायकल, शिकवतो. हे कसं चालू करायचं असं बरेच जण विचारतात म्हणून जरा सविस्तर लिहितोय. आयडिया काही आमची नाही, अमेरिकेत वायएमसीए या संस्थेने होंडाच्या मिनीबाईक (छोट्या मोटारसायकली) घेऊन १९६९ च्या सुमारासच अशा पोरांसाठी काम सुरू केलं होतं.

सगळ्यात आधी जागा. रस्ता नको, गायरान नको, जिथं कोणीही येऊ-जाऊ शकतं अशी मोकळी जागाही नको. कुंपण असलेलं खाजगी रान बघा, सातबाऱ्यावर ज्याचं नाव आहे त्याची लेखी परवानगी घ्या आणि गाड्या टेम्पोतूनच न्या-आणा. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने कलम १९९-अ आलंय, अल्पवयीन पोराने गाडी चालवताना गुन्हा केला तर पालक किंवा गाडीमालकाला ३ वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड, गाडीचं रजिस्ट्रेशन १२ महिने रद्द, आणि पोराला २५ वर्षांचा होईपर्यंत लायसन्स नाही. आईबापाला हे समोर बसवून समजावून सांगा, मगच संमतीपत्रावर सही घ्या. आम्ही १६ च्या खालचा कोणी घेत नाही.

गाडी भारीतली लागत नाही. सेकंडहँड हिरो इम्पल्स मिळाली तर उत्तम, सस्पेन्शन मुळातच खराब रस्त्याचं आहे. नाहीतर जुनी स्प्लेंडर घ्या, मागं नॉबी टायर (मातीत पकड घेणाऱ्या मोठ्या गुठळ्यांचा) टाका, आरसे-इंडिकेटर काढा. सहा पोरांना दोन गाड्या पुरतात, उलट बरंच पडतं, कारण चारजण कायम खाली उभे असतात आणि खरं काम तिथंच होतं. पैसे गाडीत कमी आणि हेल्मेट, गुडघ्या-कोपराचे गार्ड, घोट्याच्या वरपर्यंतचे बूट यात जास्त घाला. हेल्मेट आयएसआयचंच पाहिजे. फर्स्ट एडची पेटी आणि एक चारचाकी जाग्यावर पाहिजेच, आणि जवळचं हॉस्पिटल किती मिनिटांवर आहे ते आधी स्वतः जाऊन बघून या.

पहिले दोन रविवार इंजिन चालूच करायचं नाही. गाडी ढकलायची, आडवी पाडायची, पाय आणि कंबर वापरून उचलायची, चेन साफ करायची, प्लग काढून बघायचा. तिसऱ्या रविवारी हाफ क्लचवर चालण्याच्या स्पीडने सरळ रेषा, मग फूटपेगवर (पाय ठेवायच्या दांड्यांवर) उभं राहून आठचा आकडा. स्पीड आवडणाऱ्या पोराला हळू चालवणं लय अवघड जातं, तोंडावर घाम येतो, आणि पहिल्यांदा शेजारच्याला तो विचारतो की तुला कसं जमलं रे.

आमच्याकडं एक पोरगा होता, हँडल लॉक तोडून वायर जोडून गाडी चालू करण्यात पटाईत, त्याच्यासाठीच पकडला गेलेला. त्याला आम्ही दोन्ही गाड्यांचं वायरिंग दिलं. किल स्विचची वायर सोलताना जीभ दातात धरून बसायचा, टेप गुंडाळून झाली की तीनदा दाबून बघायचा, इंजिन बंद पडतंय ना. म्हणाला, "सर, ही नाही चालली तर पोरगं पडल्यावर गाडी अंगावर फिरंल ना." दुसऱ्याच्या जिवाची काळजी त्याच्या तोंडून मी तेव्हा पहिल्यांदा ऐकली.

आता सगळ्यात महत्त्वाचं, इथं बरेच लोक चुकतात. घरचं भांडण, शाळेची तक्रार, परीक्षेत नापास, यासाठी रायडिंग बंद करू नका. या पोरांकडून आधीच सगळ्यांनी सगळं काढून घेतलेलं असतं, तुम्ही पण तेच केलं तर तुम्ही त्यांच्यातलेच एक. माळावरचा नियम मोडला तर मात्र माफी नाही. हेल्मेटचा पट्टा उघडा दिसला की त्या दिवशी गाडी नाही, पण पाना आहे, थांबून मदत करायची आणि सगळ्यांबरोबर वडापाव खाऊनच घरी जायचं. हाकलून द्यायचं नाही.

फोटो-रील टाकायचा मोह होतो, टाकू नका. केस असलेल्या बालकाची ओळख उघड करणं बाल न्याय कायद्यात गुन्हा आहे. आणि कोणी मारहाण, नशा, असलं काही सांगितलं तर आपणच डॉक्टर बनायचं नाही, १०९८ या मुलांच्या हेल्पलाईनला फोन करायचा किंवा बालकल्याण समितीकडं जायचं, आणि हे करणार आहे असं पोराला आधी सांगायचं.

दोन रविवार सलग आला नाही तर फोन करत बसू नका, घरी जा. का आला नाहीस हे विचारूच नका. चहा घ्या आणि सांगा, मागच्या गाडीची चेन ढिली झालीय, येत्या रविवारी तू ये, माझ्या एकट्याने होत नाही.