नॅसमध्ये दोन डिस्क आहेत म्हणजे बॅकअप झाला असं नाही
घरी बॅकअपसाठी नॅस (घरच्या नेटवर्कला जोडायचा, डिस्क बसवलेला स्टोरेजचा डबा) घेताय तर दोन डिस्कवालाच घ्या, आणि डिस्क सीएमआर (डेटाचे पट्टे एकमेकांवर न चढवता लिहिणारी) आहे का ते डेटाशीटमध्ये बघूनच घ्या, एसएमआरवाली (पट्टे थोडे एकमेकांवर चढवून लिहिणारी) रीबिल्डच्या वेळी, म्हणजे बिघडलेली डिस्क बदलून नव्या डिस्कवर डेटा परत भरताना, फार रडवते. ४ टीबीच्या दोन टाकून रेड १ (दोन्ही डिस्कवर तोच डेटा एकदमच लिहिणं) केलं की जागा ४ टीबीच मिळते, ८ नाही. आणि खरंच सांगते, आईचे जुने फोटो चुकून डिलीट झाले तर दुसऱ्या डिस्कवरूनही त्याच क्षणी जातात हो, म्हणून स्नॅपशॉट (फाइल्स त्या-त्या वेळी जशा होत्या तशी जपलेली नोंद, तिथून त्या परत आणता येतात) चालू ठेवा आणि महिन्यातून एकदा यूएसबी डिस्कवर कॉपी काढून ती भावाकडे वगैरे ठेवून द्या. लाईट जात असेल तर छोटा यूपीएस हवाच, नॅसला चालणारा बघून यूएसबी केबलने जोडला की बॅटरी संपायच्या आत नॅस आपोआप नीट बंद होतो. अधूनमधून बॅकअपमधून एखादा फोल्डर परत आणून फोटो उघडतायत ना तेही बघा.