प्रोपेलर शाफ्ट परत बसवताना या चुका टाळा

क्रॉस (शाफ्टच्या टोकाच्या सांध्यातला अधिकच्या आकाराचा तुकडा) बदलायला प्रोपेलर शाफ्ट, म्हणजे गिअरबॉक्सची ताकद मागच्या चाकांकडे नेणारा लांब दांडा, काढला, परत बसवला आणि ८० च्या पुढे सीटखाली घुमल्यासारखा आवाज सुरू झाला. अशी गाडी समोर आली की नव्या क्रॉसला दोष देण्याआधी मी एकच विचारतो: शाफ्ट काढताना खुणा केल्या होत्या का?

फ्लँजला, म्हणजे शाफ्ट जोडायच्या चकतीला, समान अंतरावर चार बोल्ट असतील, तर शाफ्ट चार प्रकारे बसतो. चारही वेळा बोल्ट सहज जातात, म्हणून काम बरोबर झालंय असं वाटतं. पण शाफ्ट आणि डिफरन्शियलचा (मागच्या चाकांमधल्या गिअरपेटीचा) फ्लँज, दोघांनाही थोडी जड बाजू असते. पूर्वी ती एकमेकांना सांभाळून घेत होती, आता दोन्ही एकाच बाजूला आल्या. रस्त्यावर शाफ्ट साधारण चाकाच्या तीन-चार पट वेगाने फिरतो. टॉप गिअरचं प्रमाण १:१ असेल तर ३००० आरपीएमला तो सेकंदाला ५० फेऱ्या मारतो. एवढ्या वेगात थोडासा जडपणाही जाणवतोच.

खूण खडूने करू नका. मी एकदा केली होती; शाफ्ट डिझेलने धुतला आणि खूणही धुतली गेली. तेव्हापासून फ्लँजच्या कडेवर पंचाने ठिपके देतो: मागच्या जोडीवर एक-एक, पुढच्या जोडीवर दोन-दोन. शाफ्टच्या नळीवर मात्र पंच कधीच मारू नका. नळीला पोचा पडला की तोल गेला. आणि नळीवर वेल्ड केलेल्या चपट्या पट्ट्या दिसतात ना, ती तोल साधणारी वजनं आहेत. गंज समजून ती छिन्नीने उडवू नका.

सगळ्यात जास्त विसरली जाते ती स्प्लाइनची, म्हणजे शाफ्टचे भाग एकमेकांत सरकतात त्या दातेरी जोडाची, खूण, आणि सगळ्यात जास्त त्रासही तीच देते. सरकणारा योक (क्रॉसला धरणारा दोन कानांचा तुकडा) बाहेर आला आणि एक दाता पुढे-मागे बसला की दोन टोकांच्या योकांची रेषा मोडते. १६ दात्यांच्या स्प्लाइनवर एक दाता म्हणजे साडेबावीस अंश. क्रॉसचा जॉइंट कोनात फिरत असतो तेव्हा आत येणारा वेग एकसारखा असला, तरी बाहेर जाणारा प्रत्येक फेरीत दोनदा वाढतो आणि दोनदा कमी होतो. कोन १० अंशांचा असेल तर हा फरक दोन्हीकडे सुमारे दीड टक्का. दुसरा जॉइंट तो फरक पुसून टाकतो, पण त्यासाठी दोन्हीकडचे कोन सारखे हवेत आणि योक एका रेषेत हवेत.

एकाच तुकड्याचा शाफ्ट असेल तर तो जमिनीवर ठेवा आणि एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे डोळा लावून बघा. जवळच्या योकच्या कानांमागे दूरचे कान लपले पाहिजेत. हे खुणा करण्याआधीच बघून घ्या, कारण आधीच्या माणसाने चुकीचा बसवला असेल तर तुमची खूण तीच चूक जपून ठेवेल. मधे आधाराला सेंटर बेअरिंग असलेल्या दोन तुकड्यांच्या काही शाफ्टमध्ये कंपनी मुद्दाम वेगळी मांडणी ठेवते. तिथे डोळ्यावर नको, सर्व्हिस मॅन्युअलवर चाला.

बसवताना फ्लँजचे तोंड वायर ब्रशने साफ करा. मधे गंजाचा एक पापुद्रा राहिला तरी शाफ्ट तिरका बसतो. बोल्ट आधी सगळे हाताने लावा, मग समोरासमोरचे घेत टॉर्क रेंचने आवळा.

शाफ्ट सुटला की गाडी गिअरमध्ये किंवा पार्कमध्ये ठेवून थांबत नाही. ज्या गाड्यांचा हँडब्रेक गिअरबॉक्सच्या मागे असतो, तिथे तोही चाकं धरत नाही. आधी चाकांना ठोकळे लावा, जॅकवर भरवसा ठेवू नका, स्टँड द्या.

तरीही कंप उरला तर रिकाम्या, सरळ रस्त्यावर तो येणाऱ्या वेगाला गाडी न्यूट्रलमध्ये सोडा. इंजिनचे फेरे उतरले तरी कंप तसाच राहिला, तर कारण शाफ्टच्या किंवा चाकांच्या बाजूला आहे. चाकाचा कंप संथ असतो, पुढच्या चाकाचा असेल तर स्टिअरिंगमध्ये येतो. शाफ्टचा बारीक, घुमणारा आणि फ्लोअरमधून येतो. खुणा हरवल्या असतील तर फक्त मागचा फ्लँज सोडा, शाफ्ट अर्धा फेरा फिरवून जोडा आणि त्याच रस्त्यावर त्याच वेगाला पुन्हा बघा. फरक पडला नाही तर पाव फेरा. कंप कमी झालेली जागा सापडली की तिथे लगेच ठिपका द्या.