दोन सारखेच कॉम्प्युटर, पण बुद्धिबळाचं इंजिन एकावरच रखडतंय? डिस्क अशी तपासा

प्रोसेसर तोच, रॅम तेवढीच, चाली शोधणाऱ्या 'स्टॉकफिश' या इंजिन-प्रोग्रॅमची आवृत्तीही एकच. तरी पटावरची मोहरी कमी झाली की एका मशीनवर इंजिनचा वेग धाडकन पडतो. संशय हार्ड डिस्कवर जातो आणि बऱ्याचदा तो खराही असतो. तरी नवी डिस्क आणण्याआधी एवढं करून बघा.

आधी टेबलबेस (थोडी मोहरी उरलेल्या पोझिशनचे निकाल साठवलेल्या फाइल, ज्या इंजिन डिस्कवरून वाचतं) बंद करा, म्हणजे इंजिनच्या सेटिंगमधला 'सिझिजीपाथ', म्हणजे या फाइलींचा पत्ता, रिकामा ठेवा. दोन्हीकडे थ्रेड (इंजिनची एकाच वेळी चालणारी कामं) आणि हॅश (इंजिन हिशेब साठवतं ती रॅममधली जागा) सारखेच ठेवून एकच पोझिशन चालवा आणि सेकंदाला किती पोझिशन तपासल्या जातात ते पाहा. इथेच तफावत दिसली तर पॉवर मोड, तापलेला प्रोसेसर किंवा रॅमच्या पट्ट्या तपासा. हॅश रॅमच्या मानाने फार मोठा दिला असेल तर विंडोज डिस्क विनाकारण घासत बसतं, तेही बघा.

आता टेबलबेस जोडून सात-आठ मोहऱ्यांची पोझिशन द्या. दुसऱ्यांदा चालवल्यावर वेग आपोआप वाढतो, कारण एकदा वाचलेला भाग विंडोजने रॅममध्ये राखून ठेवलेला असतो. सकाळपासून चालू असलेलं मशीन आणि नुकतंच सुरू केलेलं मशीन यांची तुलना म्हणूनच फसवी. दोन्ही रीस्टार्ट करूनच मोजा.

फरक तरीही राहिला तर डिस्कचा वेग मोजणारं क्रिस्टलडिस्कमार्क चालवा. त्यातला सलग वाचनाचा मोठा आकडा इथे फारसा कामाचा नाही. 4के रँडमची ओळ, म्हणजे विखुरलेले छोटे तुकडे वाचण्याचा वेग, वाचा. टेबलबेसमधून इंजिन इथून थोडं, तिथून थोडं असं वाचतं. 7200 आरपीएमच्या (मिनिटाला 7200 फेऱ्या घेणाऱ्या) हार्ड डिस्कला नुसतं फिरून योग्य जागी यायला सरासरी 4 मिलिसेकंद लागतात, हेड सरकण्याचा वेळ वेगळा. एसएसडीला यातलं काहीच नाही. एका मशीनमध्ये एसएसडी निघाली तर शोध इथेच संपला.

दोन्हीकडे हार्ड डिस्कच असेल तर डिस्कची तब्येत दाखवणारं क्रिस्टलडिस्कइन्फो उघडा. सी7 (डेटा पाठवतानाच्या चुका) हा आकडा वाढत असेल तर बहुधा डिस्क जोडणारी साटा केबल सैल किंवा खराब आहे. हा सगळ्यात स्वस्त इलाज. 05 किंवा सी5 (डिस्कवरच्या खराब किंवा संशयास्पद जागा) शून्याच्या वर असेल तर आधी बॅकअप घ्या. अँटिव्हायरसच्या तपासणीतून टेबलबेसचा फोल्डर वगळा. बायोसमध्ये (कॉम्प्युटरच्या मूळ सेटिंगमध्ये) साटा मोड, म्हणजे डिस्कशी बोलण्याची पद्धत, एका मशीनवर आयडीई आणि दुसऱ्यावर एएचसीआय असू शकतो, पण तो थेट बदलू नका, विंडोज सुरूच होणार नाही अशी वेळ येते. बदलायचाच तर पुढचं बूट सेफ मोडमध्ये ठरवून मग बदला.

सहा मोहऱ्यांपर्यंतचा टेबलबेस संच सुमारे 150 जीबीचा. इंजिनचा शोध चालू असताना लागतात त्या डब्ल्यूडीएल (जिंकणं, बरोबरी की हार एवढंच सांगणाऱ्या) फाइल, साधारण 68 जीबी. तेवढ्याच एसएसडीवर ठेवा. उरलेल्या डीटीझेड फाइल जुन्या डिस्कवर राहू द्या आणि पाथमध्ये दोन्ही फोल्डर अर्धविराम देऊन लिहा. एसएसडी घ्यायचीच नसेल तर 'सिझिजीप्रोबलिमिट' (किती मोहऱ्यांपर्यंत टेबलबेस वाचायचा ती मर्यादा) 5 करा. पाच मोहऱ्यांपर्यंतचा अख्खा संच 1 जीबीच्या आसपास आहे, तो रॅममध्ये सहज मावतो.