माहितीचा अर्ज टाकण्याआधी: नागपुरातली तयारी

सगळ्यात आधी घरातली कागदांची पिशवी खाली उतरवा. घरटॅक्सची पावती, आखीव पत्रिका, प्लॉट ले-आउटमधला असेल तर आरएल (प्लॉट नियमित केल्याचं पत्र), डिमांडच्या नोटिशीची झेरॉक्स, जे असेल ते. माहिती अधिकाराचा अर्ज लिहायला बसण्याआधी हे कशाला, असं वाटेल. पण अर्जाआधी कार्यालयात फोन करायचा असतो, आणि पलीकडचा माणूस पहिला प्रश्न विचारतो तो "झोन कोणता?" आणि दुसरा "मौजा आणि खसरा नंबर सांगा." तेव्हा आपण "ते पाण्याच्या टाकीच्या मागचं मैदान नाही का..." असं सुरू केलं की तो मनातल्या मनात फोन ठेवतो. वहीच्या पहिल्या पानावर झोन, मौजा (महसुली गाव), पटवारी हलका (पटवाऱ्याचं क्षेत्र), खसरा (जमिनीचा सर्वे नंबर), प्लॉट नंबर आणि टॅक्सचा इंडेक्स नंबर लिहा. महानगरपालिकेचे दहा झोन आहेत: लक्ष्मीनगर, धरमपेठ, हनुमाननगर, धंतोली, नेहरूनगर, गांधीबाग, सतरंजीपुरा, लकडगंज, आशीनगर, मंगळवारी. झोनचं नाव आणि वस्तीचं नाव यांची गल्लत करू नका. धंतोली झोनमध्ये येणारा प्रत्येक जण काही धंतोलीत राहत नाही. पावतीवर असेल तोच झोन खरा.

मग कागद कोणाच्या घरचा आहे ते ठरवायचं. नागपुरात हे इतर शहरांपेक्षा किचकट आहे, कारण इथे महानगरपालिका (मनपा) आहे, नागपूर सुधार प्रन्यास (नासुप्र) आहे आणि शहराच्या हद्दीबाहेर महानगर प्रदेश विकास प्राधिकरण. त्यात २०१९ मध्ये प्रन्यास बरखास्त करायचा निर्णय झाला आणि पुढे तो फिरवला गेला. या येरझारीत कोणत्या ले-आउटची फाइल आज कुठे आहे, हे तिथल्या लोकांनाही कधी कधी विचारून सांगावं लागतं. ढोबळ हिशेब असा: रस्ता, नाली, दिवे, टॅक्स, जन्म-मृत्यू असेल तर बहुतेक वेळा मनपाचा झोन, गुंठेवारीतल्या ले-आउटचं नियमितीकरण, आरएल असेल तर नासुप्र, आखीव पत्रिका आणि मोजणी असेल तर भूमी अभिलेख, म्हणजे नगर भूमापन, सातबारा असेल तर पटवारी आणि तहसील. माझा पहिला अर्ज मी अंदाजाने टाकला होता आणि तो चुकीच्या दारात गेला. माहिती अधिकार कायद्याच्या कलम ६(३) प्रमाणे त्यांनी तो पाच दिवसांत योग्य कार्यालयाकडे पाठवायला हवा होता. महिनाभर गप्प बसून मग "आमच्याशी संबंधित नाही" असं एका ओळीचं उत्तर आलं. कायदा माझ्या बाजूने होता, पण महिना गेला तो गेलाच.

म्हणून अर्जाआधी फोन. नंबर शोधायच्या जागा तीन. कार्यालयाच्या वेबसाइटवर "माहितीचा अधिकार" नावाचा कोपरा असतो. कलम ४(१)(ख) नुसार सतरा बाबी कोणी न मागता जाहीर करायच्या असतात, त्यात अधिकाऱ्यांची निर्देशिका आणि जन माहिती अधिकाऱ्यांची, म्हणजे अर्जाला उत्तर देणाऱ्यांची, नावं-पदं येतात. ती पीडीएफ उघडा, पण त्यातल्या नावावर जाऊ नका. माणूस बदलून गेलेला असतो, पद तिथेच असतं. वहीत "उपअभियंता, अमुक झोन" असंच लिहायचं. दुसरी जागा कार्यालयाच्या दारातली पाटी, जन माहिती अधिकारी आणि प्रथम अपिलीय अधिकारी यांची. दिसली की मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा, वरची तारीख दिसेल असा. तिसरी आणि सगळ्यात भरवशाची म्हणजे तुम्हाला आधी कधी आलेलं कुठलंही सरकारी पत्र. लेटरहेडवर खाली ०७१२ चा नंबर असतो आणि तो बहुधा उचललाही जातो.

फोन कधी करायचा? शासकीय कार्यालयांना २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा आहे, सकाळी पावणेदहा ते संध्याकाळी सव्वासहा. पावणेदहाला कोणी फोन उचलेल ही आशा सोडा. अकरा ते साडेबारा उत्तम. महिन्याचा पहिला सोमवार टाळा, त्या दिवशी तक्रारी ऐकायचा लोकशाही दिन असतो आणि साहेब लोक तिकडे असतात. आणि डिसेंबरात अधिवेशन सुरू असेल तर फोनचा नादच सोडा; तेव्हा सगळं गाव तारांकित प्रश्नांच्या उत्तरांना जुंपलेलं असतं.

फोनवर माहिती मागायची नाही. फोन फक्त तीन गोष्टींसाठी: हा कागद कोणत्या शाखेत असतो, त्या फाइलला किंवा रजिस्टरला तिथे काय म्हणतात, आणि त्या शाखेचे जन माहिती अधिकारी कोणत्या पदावर आहेत. "माहिती अधिकार" हा शब्द पहिल्या फोनवर काढूच नये, असं माझं मत आहे. काढला की समोरचा माणूस सावध होतो आणि "लेखी द्या" म्हणून मोकळा होतो. माझं एक संभाषण वहीत जसंच्या तसं आहे (त्यातली "पीयू लँड" म्हणजे सार्वजनिक वापराची जागा):

"नमस्कार भाऊ, ले-आउटचे मंजूर नकाशे तुमच्याकडेच असतात का?"

"कोणाला भेटायचं आहे?"

"भेटायचं नाही हो. आमच्या ले-आउटमध्ये पीयू लँड दाखवली आहे, ती नक्की किती, ते पाहायचं आहे. मौजा सोमलवाडा."

"मग मंजूर नकाशा नाही, अभिन्यास म्हणा. तो आमच्याकडे नाही बाप्पा. आमच्याकडे फक्त आरएलची फाइल. अभिन्यास नगररचनेत. खसरा नंबर आहे ना? मग मिळते."

पूर्ण दोन मिनिटंही झाली नाहीत. पण "अभिन्यास", म्हणजे ले-आउटचा नकाशा, हा एक शब्द मिळाला आणि पुढचा अर्ज त्या शब्दावर उभा राहिला. कार्यालयात वस्तूला जे नाव आहे त्याच नावाने मागितली तर "अशी माहिती उपलब्ध नाही" म्हणायला जागा उरत नाही. रस्त्याचं काम असेल तर अंदाजपत्रक, कार्यादेश, मोजमाप पुस्तिका, जिला सगळे एमबी म्हणतात, आणि अंतिम देयक. घराचं बांधकाम असेल तर मंजूर नकाशा आणि भोगवटा प्रमाणपत्र. आपणच दिलेल्या तक्रारीचं काय झालं हे हवं असेल तर आवक क्रमांक लिहून त्यावरची टिपणी आणि पुढचा पत्रव्यवहार.

फोन झाला की तारीख, वेळ, शाखा आणि काय सांगितलं ते लिहून घ्या. जमलं तर उचलणाऱ्याचं पदही.

इथे थांबून एकदा बघा की अर्जाची गरज आहे का. डिजिटल सहीचा सातबारा पंधरा रुपयांत ऑनलाइन निघतो. जन्माचा दाखला, आखीव पत्रिकेची नक्कल यासाठी ठरलेली फी भरून साधा अर्ज चालतो. लोकसेवा हक्क कायदा २०१५ चा आहे आणि त्याखाली अधिसूचित सेवांना मुदत ठरलेली आहे. त्यासाठी माहिती अधिकार वापरणं म्हणजे भाजीला जाताना ट्रक काढणं.

गरज असेलच तर स्टेशनरी जमवा. जोडपत्र 'अ' चा नमुना, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, आणि अर्जाच्या दोन प्रती. स्टॅम्प सिव्हिल लाइन्समध्ये जिल्हाधिकारी कार्यालयाच्या परिसरातल्या विक्रेत्यांकडे मिळतो. एकदम तीन-चार घेऊन ठेवा, अपिलाला वीस रुपयांचा लागतो. दारिद्र्यरेषेखालचं कार्ड असेल तर फी नाही, मात्र कार्डाची प्रत जोडावी लागते. महाराष्ट्राच्या नियमात २०१२ पासून एक अर्ज एकाच विषयाचा आणि साधारण १५० शब्दांचा असावा असं आहे, म्हणून रस्ता आणि उद्यान एकाच कागदावर कोंबू नका.

मजकुरात "का" नको. "अतिक्रमण का काढलं नाही?" याला कायद्याच्या व्याख्येत माहिती म्हणत नाहीत, मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने २००८ मध्ये हे स्पष्ट केलं आहे. तेच असं लिहा: "मौजा सोमलवाडा, खसरा क्रमांक अमुक, येथील मंजूर अभिन्यासाची प्रत, त्यातील सार्वजनिक वापराच्या जागेच्या क्षेत्रफळाचा तक्ता, आणि या जागेबाबत १ एप्रिल २०२२ पासून आजपर्यंत आलेल्या तक्रारींवरील टिपणी." कालावधी नेहमी तारखांनी बांधा. माहिती कशाला हवी हे लिहायचं नाही. कलम ६(२) प्रमाणे विचारताही येत नाही. शेजाऱ्याच्या नावाची, फोनची, उत्पन्नाची माहिती मागू नका. ती मिळणार नाही आणि तिच्या निमित्ताने बाकीचा अर्जही लटकतो.

हाताने द्यायला गेलात तर दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. "नंतर या, शिक्केवाला जेवायला गेला" म्हटलं तर बाकावर बसा. पोस्टाने पाठवायचं असेल तर आता स्पीड पोस्ट. रजिस्टर्ड पोस्ट २०२५ मध्ये त्यातच विलीन झालं आहे. राज्याचं माहिती अधिकाराचं ऑनलाइन पोर्टलही आहे, दहा रुपये तिथेच भरता येतात, पण यादीत तुमचं कार्यालय आहे का ते आधी पाहा.

भिंतीवरच्या कॅलेंडरवर तीन खुणा करा. तिसावा दिवस उत्तराचा. जादा शुल्काचं पत्र आलं तर ते निघाल्यापासून तुम्ही पैसे भरेपर्यंतचे दिवस मोजायचे नाहीत. मुदतीत उत्तर आलं नाही तर प्रती फुकट द्याव्या लागतात, कलम ७(६). हे अपिलात आठवणीने लिहा. दुसरी खूण प्रथम अपिलाची: त्यापुढच्या तीस दिवसांत, त्याच कार्यालयातल्या वरच्या अधिकाऱ्याकडे. तिसरी दुसऱ्या अपिलाची, तिच्याबद्दल शेवटी.

आता माझ्या आवडीची गोष्ट, अवलोकन. प्रती मागण्याआधी फाइल पाहायला मागा. २६ नोव्हेंबर २०१८ च्या शासन निर्णयाने जिल्हा पातळीवरची कार्यालयं आणि स्थानिक स्वराज्य संस्थांमध्ये दर सोमवारी दुपारी ३ ते ५ नागरिकांना अभिलेख पाहायला दिले जातात. सोमवारी सुट्टी आली तर दुसऱ्या दिवशी. आदल्या आठवड्यात फोन करून "सोमवारी येतो, अमुक फाइल काढून ठेवा" एवढं सांगा. ओळखपत्र, पाण्याची बाटली, मे महिना असेल तर दुपट्टा, आणि पेन्सिल. पेन्सिलच, कारण नियमाप्रमाणे अवलोकनाला फक्त पेन्सिल आत नेता येते, पेन अधिकाऱ्याकडे जमा करायचा. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा खिशातली तीन पेनं काढून टेबलावर ठेवली आणि नातवाच्या कंपासमधली खोडरबरवाली पेन्सिल घेऊन बसलो. शिपायाने फाइल आणली, फीत सोडली. डावीकडे टिपणी, उजवीकडे पत्रव्यवहार. मधल्या एका लिफाफ्यात अभिन्यास, आठ घड्या घातलेला, घड्यांवर फाटलेला, निळा पडलेला. टेबलभर पसरला तेव्हा चहाचे कप उचलावे लागले. आमच्या मैदानाची चौकट होती त्यावर, आत क्षेत्रफळ लिहिलेलं, आणि बाजूला बारीक अक्षरात कोणीतरी केलेली दुरुस्ती. ती दुरुस्ती कोणत्या टिपणीने झाली ते पान मी वहीत उतरवलं. पान ४१. मग मागितल्या फक्त पान ३८ ते ४४ च्या प्रती आणि नकाशा. पानाला दोन रुपये, सात पानांचे चौदा. सगळी फाइल मागितली असती तर सहाशे रुपये आणि दोन महिने.

फाइल "सापडत नाही" असं उत्तर आलं तर लगेच हार मानू नका. अपिलात एवढंच मागा की फाइल गहाळ झाल्याची नोंद, शोध घेतल्याचा अहवाल किंवा ती नष्ट केली असेल तर त्या आदेशाची प्रत द्यावी. महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम २००५ चा आहे, आणि परवानगीशिवाय अभिलेख नष्ट करण्याला त्यात पाच वर्षांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड आहे. हे कलम लिहिल्यावर फाइल एखाद्या कपाटामागे सापडल्याचं मी पाहिलं आहे.

दुसरं अपील नव्वद दिवसांत, आणि त्यासाठी मुंबईला जावं लागत नाही. राज्य माहिती आयोगाचं खंडपीठ नागपुरातच आहे. सोबत मूळ अर्जाची पोच, उत्तर आलं असेल तर ते, प्रथम अपील आणि त्यावरचा आदेश, सगळं तारखेच्या क्रमाने लावा, प्रत्येक पानावर क्रमांक घाला आणि वरती अनुक्रमणिका ठेवा. पानांचे क्रमांक पेन्सिलने नको, इथे पेन.