अंगणात मिमोसा लावताय? मग या चुका टाळा

एप्रिल संपत आला की आमच्या मराठी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक फोटो हमखास येतो. मागे डॉगवुड फुलून गेलेलं, हिरवळ दाट झालेली, आणि मधोमध एक काटकुळं, निष्पर्ण झाड. खाली प्रश्न: "मिमोसा मेला का हो? तोडून टाकू?"

थांबा. नॉर्थ कॅरोलायनात सगळ्यात उशिरा जागं होणाऱ्या झाडांपैकी हे एक. फांदीच्या सालीवर नखाने हलकासा ओरखडा काढा. आत हिरवं, ओलसर दिसलं तर झाड जिवंत आहे. मे संपेपर्यंत त्याला हात लावू नका. आमच्या गल्लीत एकाने घाईने करवत चालवली. खोड आतून चांगलं ओलं निघालं, आणि जुलैत त्याच बुंध्यातून डझनभर धुमारे वर आले. म्हणजे जिवंत झाड गेलं आणि वर झुडूप पदरात पडलं.

नावाचा घोळ आधीच निस्तरलेला बरा. अमेरिकेत ज्याला मिमोसा म्हणतात ते म्हणजे अल्बिझिया जुलिब्रिसिन, आपल्या शिरीषाचा सख्खा चुलतभाऊ. आपल्याकडची लाजाळू ही खरी मिमोसा, पण ती जमिनीवर पसरणारी. फ्रान्समध्ये 'मिमोसा' म्हणून मिळतात ती पिवळी फुलं एका बाभळीची. त्यामुळे ऑनलाइन बी मागवताना नुसतं 'मिमोसा' वाचून पैसे भरू नका, शास्त्रीय नाव बघा. 'जुलिब्रिसिन' हे फारसी 'गुल-ए-अबरेशम'चं, म्हणजे रेशीमफुलाचं, बिघडलेलं रूप. संध्याकाळी पानं मिटतात म्हणून जपानीत याला झोपाळू झाड म्हणतात. आमच्या आईने पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती म्हणाली, "अगं, हा तर गुलाबी शिरीष!"

जागेची चूक सगळ्यात महागात पडते

रोप आणलं की लोक ते ड्राइव्हवेच्या कडेला नाहीतर डेकजवळ लावतात, सावली हवी म्हणून. सावली मिळते, पण तिच्याबरोबर जून ते ऑगस्ट गुलाबी तंतूंचा चिकट सडा, मग बारीक पानांचा चुरा आणि हिवाळाभर कागदासारख्या चपट्या शेंगाही मिळतात. फुलं गाडीच्या काचेवर सुकली की खरवडून काढावी लागतात. स्विमिंग पूल असेल तर फिल्टर रोज साफ करायची तयारी ठेवा.

झाड वीस ते पस्तीस फूट उंच होतं आणि जवळजवळ तेवढंच आडवं, छत्रीसारखं पसरतं. लाकूड ठिसूळ. आमच्याकडे जानेवारी-फेब्रुवारीत गोठणारा पाऊस पडतो, तेव्हा बर्फाच्या वजनाने पहिली फांदी मोडते ती बहुधा याचीच. घर, गाडी आणि विजेच्या तारा यांच्यापासून निदान वीस फूट लांब, मोकळ्या हिरवळीत, भरपूर ऊन आणि पाण्याचा निचरा असलेल्या जागी लावा. खड्डा खणण्याआधी ८११ ला फोन करून गॅस-विजेच्या लाइनवर खुणा करून घ्या, आणि एचओएची (वसाहतीतल्या घरमालकांच्या संघटनेची) परवानगी नंतर नाही, आधी काढा. एकाच जागेवरून फुटलेल्या जोड फांद्या लहानपणीच, हिवाळ्याच्या शेवटी काढून टाका. मोठं झाल्यावर केलेली छाटणी म्हणजे नुसत्या जखमा.

ओढ्याकाठी किंवा कुंपणामागे जंगल असेल तर मात्र लावूच नका. शेंगा वाऱ्याने उडतात, पाण्याने वाहतात, आणि दक्षिणेकडच्या राज्यांत हे झाड रानटी पसरणाऱ्या परक्या झाडांत मोजलं जातं. फ्लोरिडाच्या यादीत तर ते सगळ्यात वरच्या गटात आहे. तुमच्या राज्याची यादी नर्सरीत जाण्याआधी बघा, कारण नर्सरीवाला स्वतःहून सांगेलच असं नाही.

खताचा लाड

हे शेंगाकुळातलं झाड, मुळांवरच्या गाठींतून हवेतला नायट्रोजन घेतं. लॉनचं खत त्याच्या बुडाशी टाकलं तर लुसलुशीत फांद्या वाढतात, फुलं मात्र रुसतात. पहिल्या उन्हाळ्यात आठवड्यातून एकदा भरपूर पाणी द्या, पुढे ते आपलं आपण बघतं. बुंध्याला टेकवून मल्चचा (मातीवर पसरायच्या लाकडाच्या चुऱ्याचा) डोंगर रचण्याची इथली पद्धत आहे, तीही सोडा, साल कुजते.

पानं पिवळी पडली म्हणजे पाणी कमी, हा समज

ऐन जुलैत एखाद्याच फांदीची पानं पिवळी पडून लोंबू लागली की लोक पाइप सोडून बसतात. आधी ती फांदी कापा आणि काप बघा. सालीच्या आत तपकिरी कडं दिसलं तर तो फ्युजेरियम बुरशीचा मर रोग. तो पहिल्यांदा लक्षात आला १९३० मध्ये, आमच्याच राज्यातल्या ट्रायॉन गावात. बुरशी मातीत राहते, मुळांतून शिरते आणि पाण्याच्या नळ्या बंद करते, म्हणून झाड भर पाण्यात तहानलेलं दिसतं. औषध नाही. बाटल्या विकणारे भेटतील, पैसे वाचवा. झाड काढा, त्याचा भुगा दुसऱ्या मिमोसाखाली पसरू नका आणि त्या जागी पुन्हा मिमोसा लावू नका. रोगाला दाद न देणारी म्हणून 'ट्रायॉन' आणि 'शार्लट' अशी दोन वाणं मुद्दाम काढली होती. पुढे तीही रोगाला बळी पडली. तेव्हा 'रोगमुक्त' अशा चिठ्ठीवर भिस्त ठेवू नका, आणि हे झाड तुमच्या नातवंडांना झोका देईल असंही धरून चालू नका. दहा-वीस वर्षं मिळाली तरी पुष्कळ.

जाळ्यांत गुंडाळलेली, भाजल्यासारखी करपट पानं दिसली तर तो वेगळा प्रकार, जाळी विणणाऱ्या अळीचा. तिच्यापायी झाड सहसा मरत नाही. अळ्या लहान असतानाच बीटी (अळ्या मारणारं जिवाणूंपासूनचं औषध) फवारा आणि शरद ऋतूत खालचा पालापाचोळा उचला, कारण कोश तिथे आणि सालीच्या भेगांत हिवाळा काढतात.

नुसतं कापून मोकळं होणं

झाड काढायचं ठरलं आणि फक्त करवत चालवली, तर गल्लीतल्या त्या शेजाऱ्याची गत होते. बुंधा कापल्यावर काही मिनिटांतच कापाच्या कडेच्या ओल्या वर्तुळाला ग्लायफोसेट किंवा ट्रायक्लोपिर हे तणनाशक ब्रशने लावावं लागतं. उन्हाळ्याच्या शेवटापासून पुढे हे चांगलं लागू पडतं. वसंतात रस वर चढत असतो तेव्हा नाही. डब्यावरच्या सूचना वाचा, हातमोजे घाला. रोपं मात्र पावसानंतर माती मऊ असताना हाताने उपटायची, मूळ अर्धं तुटलं तर ते पुन्हा फुटतं.

"यंदाच्या शेंगा पडू देत, पुढच्या वर्षी बघू" असं मी पहिल्या वर्षी म्हणाले होते. मग एक गोष्ट वाचली. चीनहून १७९३ मध्ये गोळा केलेलं या झाडाचं बी ब्रिटिश म्युझियममध्ये ठेवलेलं होतं. १९४० मध्ये लंडनवर बॉम्ब पडले, आग विझवताना मारलेलं पाणी त्या बियांवर गेलं, आणि त्या उगवल्या. १४७ वर्षांनी! तेव्हापासून शेंगा गळायला लागल्या की मी दर रविवारी झाडू घेते. घरात कुत्रा असेल तर याला आणखी एक कारण आहे: शेंगांतल्या विषारी द्रव्यामुळे कुत्र्यांना झटके येऊ शकतात. शेंगा चघळल्याची शंका आली तरी थेट प्राण्यांच्या डॉक्टरकडे जा.

नवीन झाडच लावायचं असेल तर माझं मत रेडबडला. इथलंच झाड, मार्चमध्ये नुसत्या फांद्यांवर गुलाबी फुलतं, आणि नात्याने आपल्या कांचनाच्या जवळचं. बेताचंच वाढतं, अंगणात मावतं.

आणि आई-बाबा दिवाळीआधी परत निघाले की त्यांच्या बॅगा एकदा तपासा. आमच्या आईने रुमालात शेंगा बांधून घेतल्या होत्या, साताऱ्याच्या बंगल्यासाठी. परदेशातून बी आणायला परवाना आणि रोगमुक्ततेचं प्रमाणपत्र लागतं, हे तिला पटवायला एक अख्खी संध्याकाळ गेली. शेवटी बाबाच म्हणाले, "अहो, आपल्या फाटकाबाहेर शिरीष आहे की. त्याच्या शेंगा वाजतात तरी."