रक्तातला आकडा मेंदूचा मानू नका: ऑक्सिटोसिनच्या अभ्यासात या चुका टाळा

गाय पान्हवते ती ऑक्सिटोसिन या संप्रेरकामुळे, हे गोव्यातल्या सत्तरी-सांग्याकडच्या घरांतून प्राणिशास्त्राला आलेल्या विद्यार्थ्यांना फारसे समजावून द्यावे लागत नाही. वासराने आचळाला तोंड लावले की मेंदूच्या तळाजवळच्या हायपोथॅलॅमस या भागातल्या चेतापेशी चेतवल्या जातात, पश्च पीयूष ग्रंथीतून ऑक्सिटोसिन रक्तात उतरते आणि पान्हा सुटतो. अवघ्या नऊ अमिनो आम्लांचा हाच रेणू मेंदूच्या आतही संदेश पोहोचवतो, आणि घोळ तिथूनच सुरू होतो.

सर्वांत मोठी चूक म्हणजे रक्ताचा नमुना घेऊन मेंदूविषयी निष्कर्ष काढणे. रक्तातले ऑक्सिटोसिन रक्त-मेंदू अडथळा (रक्तातले बरेचसे पदार्थ मेंदूत जाऊ न देणारी भिंत) फारच अल्प प्रमाणात ओलांडते आणि काही मिनिटांतच निम्म्यावर येते. शिवाय या चेतापेशी आपल्या डेंड्राइटांमधूनही (पेशीच्या फांद्यांमधूनही), रक्तातल्या स्रावापासून स्वतंत्रपणे, ते सोडू शकतात. म्हणून विशिष्ट भागाविषयी बोलायचे असेल तर त्याच भागात मायक्रोडायलिसिस करावे (बारीक नळी घालून तिथल्या द्रवाचा नमुना घ्यावा), आणि ते शक्य नसेल तर निष्कर्ष रक्तापुरताच ठेवावा.

रक्तात मोजतानाही सावध राहावे लागते. एलायझा किटमध्ये (प्रतिपिंडांच्या साहाय्याने मोजणाऱ्या संचात) प्लाझ्मा, म्हणजे रक्तपेशी काढून उरलेला द्रव, थेट घातला तर आकडे दर मिलिलिटरला शेकडो पिकोग्रॅम येतात, पण आधी निष्कर्षण (एक्स्ट्रॅक्शन) करून इतर प्रथिने वेगळी काढली तर ते बहुधा काही पिकोग्रॅमवर उतरतात. या दोन पद्धतींचे आकडे एकाच तक्त्यात मांडू नयेत.

आमची एक चूक मात्र निव्वळ पावसाळ्याची होती. जुलैतल्या एका सकाळी फ्रीझरमधून काढलेली स्टँडर्डची (तुलनेसाठी वापरायच्या, प्रमाण ठाऊक असलेल्या ऑक्सिटोसिनची) कुपी घाईने तशीच उघडली. काचेवर दव धरले आणि पांढरी पूड तळाशी चिकट होऊन बसली. स्टँडर्ड लेबलावर लिहिल्यापेक्षा कमजोर झाले, आलेख सरकला आणि सगळ्या नमुन्यांचे आकडे फुगले. दोन दिवस आम्ही दोष किटमध्ये शोधत होतो! गोव्याच्या दमट हवेत कुपी सिलिका जेलच्या डब्यात ठेवून खोलीच्या तापमानाला येऊ द्यावी आणि मगच उघडावी. द्रावणाचे एका वेळेपुरते छोटे भाग करून ठेवावेत आणि वितळलेला भाग पुन्हा गोठवू नये.

मेंदूचे काप प्रतिपिंडाने (ठरावीक रेणूला चिकटणाऱ्या प्रथिनाने) रंगवताना व्हॅसोप्रेसिन या दुसऱ्या संप्रेरकाचा विसर पडू देऊ नये, कारण त्याची नऊपैकी सात अमिनो आम्ले तीच आहेत. प्रतिपिंड आधी पेप्टाइडमध्ये (इथे ऑक्सिटोसिनमध्येच) मुरवून रंग नाहीसा झाला, एवढ्यावर समाधान मानू नये. ऑक्सिटोसिनचे जनुक नसलेल्या प्राण्याच्या ऊतीवर तो प्रतिपिंड तपासावा. ऑक्सिटोसिन ग्राहीच्या (पेशीवर ऑक्सिटोसिन जिथे चिकटते त्या प्रथिनाच्या) प्रतिपिंडांबाबत तर ही तपासणी टाळूच नये.

एका प्रजातीचा निष्कर्ष दुसरीवर लादणे हीदेखील चूकच. प्रेअरी व्होल हा उंदरासारखा प्राणी जोडी करून राहतो आणि त्याच्या मेंदूतल्या न्यूक्लियस अॅक्युम्बेन्स या भागात ऑक्सिटोसिन ग्राही दाट असतात, तर जोडी न करणाऱ्या मॉन्टेन व्होलमध्ये ते विरळ असतात. तरीही 2023 साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत ग्राहीचे जनुक निकामी केलेल्या प्रेअरी व्होलांनी जोड्या केल्याच. मराठीत माऊस आणि रॅट या दोघांनाही आपण सर्रास उंदीरच म्हणतो, तेव्हा प्रयोगाच्या वहीत प्रजाती, वंश (स्ट्रेन), लिंग, मादी असल्यास ऋतुचक्राची अवस्था आणि नमुना घेतल्याची वेळ त्याच दिवशी लिहून ठेवावी.